फोटोबरहुकूम हरबा

एका गावात हरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं एक अक्षर तो कधी विसरत नसे. तुम्ही म्हणाल, मग त्यात भोळेपणा कसला? तर ऐका. हरबा शाळेत होता तेव्हा गुरुजी त्याला म्हणाले, "मी येईपर्यंत इथंच उभा राहा." आणि त्याच दुपारी गुरुजींची बदली झाली. दिवेलागणीला बाप आला आणि पोराला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. तरी हरबा खांद्यावरून सांगत होता, "गुरुजी आल्यावर मला परत आणून ठेवा."

असा हा हरबा तिशीला आला. आईबाप गेले. मागं एक थोरली बहीण, तिला तो अक्का म्हणायचा. अक्का तालुक्याच्या गावी दिलेली. तिनं आईला शब्द दिला होता की हरबाचं लग्न मी करून देईन. शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि विचारायचे, "मुलगा काय करतो?"

हरबा स्वतःच उत्तर द्यायचा, "सांगितलेलं करतो."

पाहुणे चहा न घेताच उठायचे. अशी पाच स्थळं उठून गेली. हरबाला कसली मोठी हौस नव्हती. शेतावरून यायचं, चूल पेटवायची आणि भिंतीकडं तोंड करून भाकरी खायची, एवढ्याचा मात्र त्याला मनापासून कंटाळा आला होता. समोर कुणीतरी बसलेलं असावं, "अजून अर्धी घ्या" म्हणणारं, असं त्याला फार वाटे. अक्कालाही ते ठाऊक होतं, म्हणून तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, हरबाला तुमच्या दुकानात घ्या की. धंद्याला लागलेला दिसला तर कुणीतरी पोरगी देईल."

अक्काचा नवरा मुरलीधर, हरबाचे दाजी. एसटी स्टँडसमोर त्यांचा मुरली फोटो स्टुडिओ. दाजींनी हरबाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "घेतो. पण एक सांगतो. धंद्याचं वाटोळं केलंस तर पुन्हा गावाला शेळ्यांमागं धाडीन."

"बरं दाजी," हरबा म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

पूर्वी या दुकानात पासपोर्टचे फोटो निघायचे. पण आता हरेकाच्या खिशात कॅमेरा, मग स्टुडिओत कोण मरायला येतो? म्हणून दाजींनी नवीन काम काढलं होतं. कुणाचाही फोटो द्या, कॉम्प्युटरवर त्याचं पेन्सिलनं काढल्यासारखं चित्र करून मिळेल. फोटो पडद्यावर घ्यायचा, एक बटण दाबायचं, की रंग उडून जायचे आणि काळ्या रेघांचं चित्र उमटायचं. खाली एक पट्टी होती. ती माऊसनं उजवीकडं सरकवली की रेघा वाढत. मग चित्र छापायचं, फ्रेम करायची. लोकांना वाटायचं, कुणी मोठ्या चित्रकारानं रात्र जागून काढलंय. वाढदिवस असो, वास्तुशांत असो, जो तो हेच भेट द्यायला लागला. त्यामुळं दुकानात उभं राहायला जागा नसे.

दाजींनी हरबाला खुर्चीवर बसवलं. "हे बटण दाबायचं. आन ही पट्टी उजवीकडं सरकवायची. कळलं?"

"कळलं."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते बाजारपेठेतले कापडदुकानदार. आईची पंच्याहत्तरी होती, म्हणून तिचा फोटो घेऊन आले. हरबानं बटण दाबलं. पट्टी उजवीकडं सरकवली. दाजींनी सरकव म्हणून सांगितलं होतं, थांब म्हणून सांगितलं नव्हतं. पट्टी पार टोकाला जाऊन टेकली तेव्हाच हरबा थांबला. म्हातारीच्या तोंडावर जेवढ्या सुरकुत्या होत्या, त्यांना पिलं झाली.

दुकानदार फ्रेम बघून ओरडले, "हे आमच्या आईचं तोंड आहे का नांगरट?"

दाजींनी हातापाया पडून चित्र बदलून दिलं. मग हरबाला म्हणाले, "अरे येड्या, गिऱ्हाईकाला अंगावरच्या रेघा आवडत न्हाईत. रेघा दिसल्या की पुसायच्या. सगळं कसं गुळगुळीत झालं पायजे."

"बरं दाजी," हरबा म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

आणि ध्यानात ठेवण्यात हरबाचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी भालचंद्रशास्त्री आले. हात बघून भविष्य सांगण्यात त्यांचं नाव मोठं. त्यांना दारावर नवी पाटी लावायची होती. पाटीवर काय, तर त्यांच्याच उजव्या पंजाचं चित्र. शास्त्रीबुवांनी हात पुढं केला, दाजींनी फोटो काढला आणि दाजी लग्नाच्या ऑर्डरीवर निघून गेले. हरबानं बटण दाबलं. बघतो तर काय, हातभर रेघाच रेघा! हरबाला शास्त्रीबुवांची दया आली. त्यानं जेवणाची सुट्टी घेतली नाही. एकेक रेघ पुसत बसला. पंजा असा गुळगुळीत केला की त्यावरून मुंगी घसरली असती.

संध्याकाळी शास्त्रीबुवांनी पाटी हातात घेतली. उजेडाकडं धरली. उलटी केली, सुलटी केली.

"आयुष्यरेषा कुठं आहे?"

"पुसली."

"भाग्यरेषा?"

"ती तर लई खोल हुती. तिला येळ लागला."

शास्त्रीबुवा मटकन बाकावर बसले. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आधी स्वतःचा खरा हात नीट पाहून घेतला आणि मग दाजींच्या नावानं शंख केला.

दाजींनी कपाळावर हात मारला. "हरबा, तुझ्यापुढं कुणी शहाणपण सांगावं! एकबी रेघ पुसायची न्हाई. उलट जे बारीकसारीक आसंल ते ठळक करायचं. जे दिसत न्हाई तेबी दिसलं पायजे."

"बरं दाजी. ध्यानात ठेवलं."

तिसरी आली ती पोस्टमनची बायको. तिची लेक लग्नाची. स्थळांना धाडायला जरा वेगळा, चित्रासारखा फोटो पाहिजे होता. मुलगी नाकीडोळी नीटस. हरबानं बटण दाबलं आणि डोळे बारीक करून बघत बसला. जे दिसत नाही ते शोधायला त्याला बराच वेळ लागला, पण त्यानं हार मानली नाही. हनुवटीवर लहानपणी पडल्याचा वण होता, तो ठळक केला. कपाळावर तारुण्यपीटिका होती, ती ठळक केली. शेवटी त्याला वरच्या ओठावर लव दिसली. अगदी पुसट. कुणाच्या नजरेला पडली नसती. हरबानं तिचा केस न् केस ठळक केला.

पोस्टमनची बायको चित्राकडं बघतच राहिली. "अगंबाई, माझ्या पोरीला मिशा!"

"हुत्याच," हरबा म्हणाला. "दिसत नव्हत्या."

त्या दिवशी दाजींना दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घ्यावं लागलं. बाई गेल्यावर ते हरबासमोर उकिडवे बसले आणि लहान मुलाला समजावतात तसं हळू म्हणाले, "हे बघ. फोटू कशाला असतो? माणूस देखणा दिसायला. गाल भरायचे. केस दाट करायचे. डोळं मोठं, ओठावर जरासं हसू. बघणाऱ्याला बघताक्षणी पसंत पडला पायजे. कळलं?"

"कळलं दाजी. ध्यानात ठेवलं."

घरी दाजी अक्काला म्हणाले, "आता आणखी एक घोटाळा झाला की शेळ्या." अक्कानं हरबाच्या ताटात भाकरी वाढली आणि डोळ्याला पदर लावला. हरबाला वाटलं, कांदा चिरलाय.

चौथे आले ते पोलीस ठाण्याचे हवालदार. खताच्या दुकानात चोरी झाली होती. दुकानातल्या कॅमेऱ्यात चोर दिसला होता, पण पुसट. मागं पोती, पोत्यांवर मांजर, आणि मध्ये चोर. हवालदार म्हणाले, "याचं झकास चित्र करून द्या. गावभर लावायचंय."

दाजी बँकेत गेले होते. हरबानं बटण दाबलं. चोर बिचारा गालफडं बसलेला, टकलाकडं झुकलेला, एक डोळा बारीक. हरबानं त्याचे गाल भरले. केस दाट केले. डोळे मोठे केले, ओठावर हसू ठेवलं. मांजर गोंडस होतं, ते तसंच ठेवलं. चित्र बघून हवालदारांनाही बरं वाटलं. त्यांनी ते स्टँडवर, चावडीवर, डेअरीवर सगळीकडं चिकटवलं. खाली ठाण्याचा फोन नंबर.

चार दिवसांत ठाण्याचा फोन सारखा खणखणायला लागला. हवालदारांनी मोठ्या उत्साहानं उचलला.

"ते स्टँडवर चित्र लावलंय, त्या मुलाबद्दल विचारायचं हुतं."

"बोला, बोला! कुठं दिसला?"

"दिसला न्हाई, पण आमाला पसंत हाय. शेती किती?"

दुसऱ्यानं विचारलं, मुलाची उंची किती. तिसऱ्यानं विचारलं, मांजर घरचंच का. हवालदार तडक स्टुडिओत आले. त्यांच्याआधी त्यांची काठीच काउंटरवर आपटून बोलली.

"अरे, चोर आहे तो! त्याला कशाला नटवलास? चित्रात आन माणसात काडीचा फरक दिसता कामा नये! माणूस समोर उभा केला आन चित्र शेजारी धरलं, तर हुबेहूब पायजे. आन ती पोती, ते मांजर कशाला? मागचं सगळं साफ कर. नुसता माणूस ठेव!"

"बरं साहेब," हरबा म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

दाजींनी ते ऐकलं आणि शेळ्यांची गोष्ट काढण्यासाठी तोंड उघडलं. पण हरबा आधीच कामाला लागला होता. त्यानं पोती पुसली. मांजर पुसलं, तेवढं त्याला जड गेलं. मग चोराचा दुमडलेला कान दुमडलेला ठेवला, बारीक डोळा बारीक ठेवला, तुटलेला दात तुटलेलाच ठेवला. मागं सगळं पांढरं, मध्ये नुसता चोर. दुसऱ्याच दिवशी स्टँडवरच्या चहावाल्यानं चोराला ओळखलं आणि कपबशी टाकून धरला. हवालदारांनी येऊन हरबाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे गड्या! काडीचा फरक नव्हता!"

हरबाला जन्मात कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. ती थाप त्याच्या पाठीवर कितीतरी दिवस राहिली. काहीही करायला घेतलं की तो पुटपुटायचा, "काडीचा फरक न्हाई. मागचं सगळं साफ."

ही बातमी पसरली. चोर धरून देणारा मुलगा म्हणून हरबाचं नाव झालं आणि अक्कानं ही संधी सोडली नाही. शेजारच्या तालुक्यातल्या खराड्यांकडून विचारणा आली. त्यांची कांचन, शिवणकाम करणारी, हसतमुख. त्यांनी आधी फोटो मागितला.

हरबाचा फोटो होता तो म्हशीशेजारचा. त्यात म्हैस जास्त चांगली आली होती. तेव्हा दाजी म्हणाले, "या कामाला मीच बसतो." आणि त्यांनी मेहुण्यासाठी सगळी कला पणाला लावली. म्हैस पुसली, गोठा पुसला, मागं सगळं पांढरं. हरबाचे गाल भरले. केस दाट आणि कुरळे केले. मिशीला पीळ दिला. चित्रकार करतात तसं छातीच्या खाली रेघा विरळ करत करत सोडून दिल्या, आणि कोपऱ्यात झोकदार सही टाकली, "मुरली फोटो स्टुडिओ". अक्का चित्र बघून म्हणाली, "ह्यो कुठला?"

चित्र फोनवर गेलं. खराड्यांना पसंत पडलं. पण कांचनची आत्या फार कडक बाई. घरातला शेवटचा शब्द तिचा. तिनं अक्काला फोन केला. "चित्र बघितलं. माझ्या नव्या फोनमधीच ठिवलंय. पण आधीच सांगते. याआधी तीन ठिकाणी आमची फसवणूक झाली. फोटूत एक आन समोर दुसराच. येत्या रविवारी मी चित्र शेजारी धरून बघणार. फरक दिसला तर पाण्याचा घोटसुदीक घेणार न्हाई. उठून जाणार."

दाजींच्या चित्रात आणि हरबात जमीनअस्मानाचा फरक. हे सहावं स्थळ. हेही उठलं तर मग कोण येणार? ती हरबाजवळ बसली आणि म्हणाली, "हरबा, बाबा, आत्याबाई चित्र घेऊन येणार हायत. फरक दिसला तर सगळं संपलं बघ."

हरबा हसला. "अक्का, एवढंच? फरक दिसणार न्हाई. ते काम मला येतंय."

अक्काला वाटलं, आपल्याला धीर देतोय. तिला भरून आलं. तिनं रव्याचे लाडू वळायला घेतले.

रविवारी सकाळी अक्का आणि दाजी पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले. जाताना दाजी म्हणाले, "आम्ही येईपर्यंत तयार राहा."

"बरं दाजी."

घरात एकटा हरबा. त्यानं चित्राची प्रत समोर ठेवली आणि न्याहाळली. मग इकडंतिकडं पाहिलं. फरकच फरक! चित्रात मागं काही नव्हतं आणि घरात कपाट होतं, टीव्ही होता, पलंग होता, देवांच्या तसबिरी होत्या, भिंतीला हिरवा रंग होता. हवालदारांनी काय सांगितलं होतं? मागचं सगळं साफ. हरबानं कंबर कसली. कपाट परसात नेलं. टीव्ही नेला, पलंग नेला, सतरंजी नेली. तसबिरी नेताना प्रत्येक देवाला "जरा उन्हात बसा" म्हणून नमस्कार केला. मग दुकानातून फोटो काढायचा मोठा पांढरा पडदा आणून चारी भिंती झाकल्या. खोली दुधासारखी पांढरी झाली.

आता माणूस. चित्रात रंग नव्हता, हरबाला होता. त्यानं तांदळाचं पीठ कालवून तोंडाला, मानेला आणि पांढऱ्या सदऱ्यावरही थापलं. काजळाच्या डबीत काडी बुडवली आणि आरशात बघून चित्रात होती तिथं तिथं रेघ ओढली. मिशीला पीळ काढला. केस दाट नव्हते, म्हणून अक्काचं गंगावन डोक्यावर बांधलं आणि कुरळं करायला बोटांवर गुंडाळलं. गाल भरलेले नव्हते. हरबानं विचार केला आणि रव्याचे दोन लाडू घेतले, एक या गालात, एक त्या गालात. राहिलं काय? चित्र छातीपाशी संपत होतं, हरबा मात्र पायापर्यंत होता. त्यानं छातीच्या उंचीवर दोरी बांधून पांढरी चादर सोडली आणि तिच्यामागं उभा राहिला. मग आठवलं, परत बाहेर आला, चादरीच्या कोपऱ्यात काजळानं लिहिलं, "मुरली फोटो स्टुडिओ". आणि पुन्हा मागं जाऊन हलायचा थांबला.

दार उघडलं. पुढं अक्का, मागं दाजी, त्यांच्यामागं खराडे आबा, आत्याबाई आणि कांचन.

अक्काला घरात घर दिसलं नाही. ती म्हणाली, "आपण चुकीच्या दारात आलो." दाजी पाऊल आत टाकणार, तेवढ्यात हरबा भुवया वरखाली करायला लागला. दाजींना काही समजेना.

"काय रे?"

हरबा ओठ न हलवता म्हणाला, "तुमी फोटूत न्हाई. भाहेर हुबं ऱ्हावा."

अक्का मटकन उंबऱ्यावर बसली. दाजींनी डोळे मिटून घेतले. शेळ्यांचं नाव घेण्याचंही बळ त्यांच्यात राहिलं नव्हतं. आबा खराडे टोपी काढून डोकं खाजवत उभे. पण आत्याबाई शब्दाची पक्की बाई. तिनं चष्मा चढवला, पिशवीतून नवा फोन काढला आणि चित्र हरबाच्या तोंडाशेजारी धरलं.

"रंग न्हाई. बरोबर. मिशीला पीळ हाय. केस कुरळं हायती. मागं काय न्हाई. कोपऱ्यात नाव हाय." तिनं चादरीच्या खाली वाकून पाहिलं नाही, कारण चित्रातही खाली काही नव्हतं. मग ती थबकली. "थांबा. चित्रात दोनी गाल भरलेत. ह्याचा डावा गाल खाली चाललाय."

लाडू साजूक तुपातला होता, विरघळायला लागला होता. हरबाचे डोळे गरगरले. चादरीच्या मागून एक पांढरा हात वर आला, हातात खिशातला तिसरा लाडू. लाडू डाव्या गालात गेला. हात खाली गेला.

आत्याबाईंनी पुन्हा पाहिलं. "आता बराबर. आबा, ह्यात काडीचा फरक न्हाई."

आणि मग कांचन हसली. आधी पदर तोंडाशी धरून हसली, मग पदर सुटला आणि ती भिंतीचा आधार घेऊन हसायला लागली. भिंतीचा पडदा निसटला, मागून हिरवी भिंत दिसली, तशी ती आणखी हसली. हसत हसत चादरीपाशी आली.

"अवो, हे सगळं कशापायी?"

हरबानं लाडू एका बाजूला सारला. खरं सांगायला त्याला कधी वेळ लागत नसे. "फरक दिसला तर तुमी उठून जाणार हुता. आन मला एकट्यानं जेवायचा लई कट्टाळा आलाय."

कांचनचं हसू थांबलं नाही, पण डोळे पाणावले. ती वडिलांकडं वळून म्हणाली, "आबा, तीन जण आले, तिघांनी फोटू नटवून पाठवला आन सोता तसंच आले. ह्या माणसानं फोटू खरा करायला घर परसात न्हेलं. मला ह्येच पसंत हायती." मग थोडं थांबून म्हणाली, "पण तोंड धुवायला सांगा. न्हाईतर हळद कुठं लावायची?"

आबा खराड्यांचाही चेहरा उजळला. ते म्हणाले, "जावा पाव्हणं, तोंड धुवून या. मग सुपारी फोडू."

"बरं," हरबा म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

तो परसात गेला. कपाट आणि टीव्ही यांच्यामधून वाट काढून बादलीशी बसला आणि साबण लावून खसखसून तोंड धुतलं. गंगावन काढलं. लाडू गिळले. आत येऊन उभा राहिला, आहे तसा, बसक्या गालांचा, विरळ केसांचा, लाजरा. कांचननं त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. अक्का उंबऱ्यावरून उठली. सुपारी आणायला ती वळते न वळते तोच आत्याबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. फोन वर केला.

"आता मात्र फरक पडला गं बाई."

अक्काचा पाय जागच्या जागी थांबला. आबा म्हणाले, "अगं, राहू दे की आता." पण आत्याबाईंचा शब्द म्हणजे शब्द.

हरबानं एकदा स्वतःला पाहिलं आणि एकदा फोनमधल्या चित्राला. त्याला लगेच कळलं, फरक कुठं आहे. फरक एवढाच होता की त्याचं तोंड धुतलेलं होतं आणि चित्राचं नव्हतं.

"बगू आत्या, द्या हिकडं," असं म्हणून त्यानं फोन अलगद हातात घेतला आणि परसात गेला. बादलीत बुडवला. वर काढला. साबण लावला. कानाकोपऱ्यातही बोट घातलं, कारण तो हयगय करणारा नव्हता. पुन्हा बुडवला, खळखळून धुतला, टॉवेलनं पुसला आणि दोन्ही हातांनी, आदरानं, आत्याबाईंना परत आणून दिला.

"आता बगा. दोगांचीबी तोंडं धुतली."

आत्याबाईंनी फोनवर बोट दाबलं. दुसरं बोट दाबलं. अंगठा दाबला. फोन काळाभोर. त्यातून साबणाचा एक बुडबुडा तेवढा वर आला आणि फुटला. आत्याबाईंनी फोन हरबाच्या तोंडाशेजारी धरला, कारण त्यांनी तसं ठरवलं होतं, आणि फरक शोधायला लागल्या. पण फरक काढायचा कशाशी?

फरक दिसला तरच त्या उठून जाणार होत्या. म्हणून त्या तिथंच खाली बसल्या. अक्कानं सुपारी फोडली.

हरबा कांचनशेजारी बसून अर्धी भाकरी जास्त जेवला. तुम्हीही पोटभर जेवा, मनमुराद हसा आणि घरात हरबासारखा कुणी असेल, तर फोन बादलीपासून लांब ठेवा.